न दाबलेली वाळू

लेनिनग्राद, ६ डिसेंबर १९७०, रविवार

प्रिय तोमा,

उशीर झाला. तुझं कार्ड जानेवारी सहासष्टमध्ये आलं आणि त्याचं उत्तर मी आज लिहायला बसलोय. पहिल्या वर्षी उजव्या हाताचं बोट चेंगरलं होतं. दुसऱ्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी काय झालं ते आठवत नाही, म्हणजे काहीच झालं नसणार. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. माफ कर.

कार्डावर तू एकच प्रश्न विचारला होतास. 'बाबा, त्या दिवशी तुम्ही खरं बोललात ना?' खाली सही, आणि अल्ताईतल्या रुब्त्सोव्स्कचा पत्ता. मी ते कार्ड कपाटात तुझ्या आईच्या फोटोमागे ठेवलंय. दर शनिवारी धूळ पुसताना ते बाहेर काढावं लागतं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. कामाविषयी बाहेर बोलणार नाही अशा कागदावर सही केलेली आहे, आणि टपाल उघडतात की नाही कोण जाणे, पण मला तर सारखं वाटतं उघडतात. रिम्मा कोंद्रात्येव्ना आठवते ना? आमच्याकडे मोजमापं टिपून घेणारी, तुझ्या लग्नात नाचताना पाय मुरगळून घेतला ती. बारा जानेवारीला ती बर्नाऊलला बहिणीकडे चाललीय. तिथून पुढे येऊन पत्र तुझ्या हातात देईन म्हणते. तोपर्यंत दर रविवारी थोडं थोडं लिहीन. चार इयत्ता शिकलेला माणूस एका बैठकीत एवढं लिहू शकत नाही.

बातमी तुम्हाला कळलीच असेल. गाडी चंद्रावर उतरली, चालली. आता तिथे रात्र आहे म्हणून झाकण मिटून झोपलीय म्हणे. शेजारच्या क्लाव्दिया फोमिनिच्नाच्या खोलीत टीव्ही आहे. अख्खा मजला खुर्च्या घेऊन तिच्याकडे जमला होता. मी दाराशी उभा राहिलो. चाकं दाखवली तेव्हा ती एकदम माझ्याकडे वळली.

"तिखोन सवेल्यिच, तुमच्या कारखान्यात पातेली करतात म्हणायचात ना?"

"करतात की."

"मग पातेल्यांना आठ चाकं कधीपासून लावायला लागलात?"

सगळे हसले. मीही हसलो. मग ती म्हणाली, "जावयाला कळवलंत का? तोही तुमच्याच पातेल्यांत होता ना?" मी म्हणालो, चुलीवर कोबीचं सार ठेवलंय, आणि निघून आलो. चुलीवर काही नव्हतं. तिच्या मनात काही असेल असं नाही, पण चोराच्या मनात चांदणं.

छातीत थोडं धडधडतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, मीठ कमी करा. खारवलेल्या काकड्या बंद केल्यात.


१३ डिसेंबर

तोमा, आज मी ठरवून बसलोय की कामाचं लिहायचं.

ग्लेबने मला संस्थेत आणलं, हे तू विसरली नसशील. ओतशाळेत तीस वर्षं साचे भरले आणि छाती धुराने गेली. तेव्हा तो म्हणाला होता, "बाबा, आमच्याकडे वाळूचा हौद आहे आणि वाळू ओळखणारा माणूस नाही. तुमच्याइतकी वाळू कोण जाणतं?" तुझा नवरा एवढा शिकलेला इंजिनियर, पण सासऱ्यासाठी तीन ठिकाणी खेटे घातले त्याने.

हौद चांगला लांब होता, आपल्या जुन्या घरासमोरच्या गल्लीएवढा. त्यात चंद्रावर असेल तशी जमीन करायची. आता चंद्रावरची जमीन कशी असते ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं? कोणी म्हणे धूळ आहे, गाडी बुडेल. कोणी म्हणे कडक आहे, काही होत नाही. वरून असं ठरलं की मोकळी वाळू धरायची, म्हणजे वाईटात वाईट काय ते कळेल. माणूस काही त्या गाडीत बसणार नव्हता. रुतली तर ढकलायला कोणी नाही. म्हणून चाक किती रुंद करायचं, हा सगळ्या कामातला मोठा प्रश्न होता. रुंद चाक जड होतं, आणि वजनासाठी तर तिथे मोठी माणसं लहान मुलांसारखी भांडायची.

माझं काम एकच. चाक एकदा फिरलं की सगळी वाळू उपसायची, वाळवायची, आणि चाळणीतून हातभर उंचीवरून पडू द्यायची. दाबायची नाही, थोपटायची नाही, तिच्याकडे जोरात बघायचंसुद्धा नाही. आयुष्यभर मी वाळू ठोकून बसवली. साच्यात वाळू ढिली राहिली की ओतीव फुटतं आणि मुकादम शिव्या घालतो. आणि इथे उलटं. पहिले दोन महिने माझे हात आपोआप थापटी मारायला जायचे. ग्लेब हसायचा. "बाबा, ती पोळी नाही!"

एका फेरीला जवळजवळ पूर्ण पाळी जायची. आणि जून पासष्टमध्ये तिमाही संपत आली. पावेल ओसिपोविच तेव्हा विभागप्रमुख नव्हते, आमच्या कक्षाचे साहेब होते. ते हौदाशी आले.

"तिखोन सवेल्यिच, किती फेऱ्या झाल्या?"

"एकोणीस."

"पाहिजेत किती?"

"अठ्ठेचाळीस. पण आज बावीस तारीख आहे, आणि एकेका फेरीला…"

"मला तारीख सांगू नका, फेऱ्या सांगा. चंद्र कुठे पळून जात नाही, तिमाही मात्र पळते."

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे महिन्याचे पहिले वीस दिवस माणूस सामानाची वाट बघतो आणि शेवटच्या दहा दिवसांत डोंगर उचलतो. सगळीकडे तसंच. ग्लेबच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यातही तसंच असणार. घाई झाली एवढं खरं. पण वाळू मोकळी होती, तोमा. बहुतेक वेळा.


२० डिसेंबर

वरचा 'बहुतेक वेळा' खोडायचा होता, पण शाई पसरली.

शुक्रवारी संस्थेत सभा झाली. गाडीच्या कामातल्या लोकांचा सत्कार. मला वाटलं होतं मागे बसेन, चहा पिईन, निघेन. तर पावेल ओसिपोविचनी मंचावरून नाव पुकारलं. म्हणाले, "चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला माणूस कोण हे पुस्तकं सांगतील. पण चंद्राची जमीन आपल्या हातांनी चाळणारा माणूस हा! प्रत्येक फेरीआधी कण अन् कण मोकळा करणारा!" टाळ्या. हातात सन्मानपत्र आणि मनगटी घड्याळ. आणि मग म्हणाले, चार शब्द बोला.

मी गेली पाच वर्षं रोज वाटेत एक वाक्य मनात जुळवत आलोय. तेच बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "साथींनो, आभारी आहे. सगळं पक्षाच्या आणि वरिष्ठांच्या कृपेने." परत टाळ्या.

खाली उतरलो तर रिम्मा कोंद्रात्येव्ना कोट ठेवायच्या खोलीत गळपट्टा बांधत होती.

"छान बोललात," ती म्हणाली. "दंताळ्याचा उल्लेख तेवढा राहिला."

मी मागे कोणी नाही ना ते पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मी हौदापासून चार पावलांवर बसायचे, तिखोन सवेल्यिच. मी आकडे टिपते म्हणून मला डोळे नाहीत असं वाटलं का?"

"मग तू का नाही बोललीस?"

"दोन मुलं होती. आणि तुम्ही बोलाल असं वाटलं. तुमचा जावई होता तो." मग तिने टोपी चढवली आणि म्हणाली, "मी बारा तारखेला जातेय. कोरा कागद घेऊन मी अल्ताईला जाणार नाही, सांगून ठेवते. तिला काय सांगायचं ते नीट सांगा, नाहीतर दुसरा पोस्टमन बघा."

घड्याळ चालतं व्यवस्थित. मी हातात घालत नाही. हाताला पुरळ येतं असं शेजाऱ्यांना सांगितलंय.


२७ डिसेंबर

तुझ्या कार्डाचं उत्तर नाही असं आहे. मी खरं बोललो नाही.

लिहून झालं. आता बाकीचं.

बावीस जूनपासून तीस जूनपर्यंत मी वाळू एकदाही उपसली नाही. दंताळं घेतलं आणि वरचा थर उकरून सारखा केला. वरून बघणाऱ्याला पलंगावरच्या ताज्या चादरीसारखं दिसायचं. खाली आदल्या चाकांनी दाबून दाबून घट्ट झालेली तशीच. दंताळं वीस मिनिटांचं काम. अठ्ठेचाळीस फेऱ्या तीस तारखेला दुपारी पूर्ण झाल्या. आमच्या कक्षाच्या भिंतीवर उद्दिष्ट गाठल्याचं लाल निशाण लागलं. मला कोणी सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. पावेल ओसिपोविचनी फेऱ्या मागितल्या, दंताळं माझं मी शोधलं. तेरा तारखेला सगळं त्यांच्यावर ढकलून लिहिलं, ते बरोबर नव्हतं.

घट्ट वाळूवर अरुंद चाक रुतेना. ग्लेबचा हिशेब सांगत होता की रुतायला हवं, चाक वीतभर रुंद पाहिजे. हौद म्हणत होता, अरुंद चालेल. दोन आठवडे तो स्वतःची गणितं तपासत बसला. तुला आठवत असेल, तेव्हा तो जेवायला बसला की अंड्याचा पोळा तसाच ताटात थंड व्हायचा, आणि तू मला विचारलंस, "बाबा, याला झालंय काय?" मी म्हणालो, गणित चुकलं असेल.

मग एके दिवशी तो हौदाशी आला. हातात बारीक गज होता, विणायच्या सुईपेक्षा थोडा जाड. वाळूत उभा धरला आणि सोडला. मोकळ्या वाळूत तो अर्धा आत जायला हवा. बोटभर गेला आणि थांबला. त्याने दोन पावलं पुढे जाऊन परत केलं. परत तेच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने गज रुमालाने पुसला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, वाळू परत एकदा नीट भरू या का? आपण दोघं. कोणाला सांगायची गरज नाही."

आणि मला राग आला, तोमा. का आला ते मला आजवर कळलेलं नाही. मी म्हणालो, "माझी तीस वर्षं वाळूत गेली. तू मला वाळू शिकवतोस? तुझे आकडे जमत नाहीत म्हणून कामगाराच्या माथी मारतोस?" दोन फिटर ऐकत होते. त्यांनी ते वर नेलं. आणि मग आयोग बसला.

सप्टेंबरात. लांब टेबल, पाण्याची सुरई, पाच जण. मला विचारलं, "प्रत्येक फेरीआधी वाळू नियमाप्रमाणे भरली होती का?" मी म्हणालो, होय. उभा राहून म्हणालो, कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. मग ग्लेबला विचारलं, "तुमचं म्हणणं, वाळू दाबलेली होती. म्हणजे तिखोन सवेल्यिच खोटं बोलतात?"

सुरईतलं पाणी मला अजून दिसतं. त्या वर्षी गुप्त कामात मोजमापं खोटी दिली असं ठरलं तर त्याला नुसती चूक म्हणत नसत. घातपात हा शब्द तिथे सगळ्यांच्या मनात होता, बोलत कोणी नव्हतं. ग्लेबला ते माझ्याआधी कळलं होतं. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाही. हिशेबात माझी चूक झाली असण्याची शक्यता आहे."

एवढंच. मला वाचवायला तो नाव आणि नोकरी टाकून तिकडे रुब्त्सोव्स्कला निघून गेला, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. घरी आल्यावर तू त्याला ओरडलीस, 'तू चुकलास तर मान्य कर, माझ्या बाबांवर आळ का घेतलास?' त्यावर तो काही बोलला नाही, आणि मीही बोललो नाही. पुढे तुला शंका आली, म्हणून तर तू ते कार्ड पाठवलंस. त्याने तुला कधीच सांगितलं नसणार. तो सांगणारा नाही. म्हणून मी सांगतोय. तुझा नवरा चुकला नव्हता. एका सेंटीमीटरनेही नाही.

ऑक्टोबरपासून मी वाळू नियमाने भरायला लागलो. आकडे बदलले. नव्या इंजिनियरने पुढच्या वर्षी चाक रुंद केलं, वीतभर. आराखड्यावर त्याची सही आहे. आता तिकडे चंद्रावर जे फिरतंय ते ग्लेबचं चाक आहे, आणि ग्लेब ट्रॅक्टर मोजतोय.

हात दुखतोय. पुढच्या रविवारी लिहीन.


१० जानेवारी १९७१

मागचा रविवार गेला, लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. आता केलंय, आणि भीती वाटतेय.

मंगळवारी मी जबानी लिहून पावेल ओसिपोविचकडे नेली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, परत लावला.

"हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं. म्हणून तर इतक्या चुका आहेत."

"गाडी चालतेय ना, तिखोन सवेल्यिच?"

"चालतेय."

"मग झालं तर! पाच वर्षांपूर्वीची वाळू आता कोणाच्या डोळ्यात टाकायची?"

"पण ग्लेब तिकडे अल्ताईत बसलाय, पावेल ओसिपोविच."

ते उठून खिडकीशी गेले. मग अगदी घरच्यासारखं बोलले. दुसऱ्या गाडीची आखणी सुरू झालीय, चाकं जाणणारी माणसं कमी आहेत. "ग्लेबला मी आणतो. खोलीचंही बघतो. त्याने अर्ज करावा, आणि त्यात एक ओळ घालावी की पासष्ट सालची चूक मान्य आहे. फाइल बंद होईल. तुमचा हा कागद तुम्ही घरी न्या."

"पण चूक त्याची नव्हती."

"अहो, एक ओळ तर आहे. मुलगी परत येईल तुमची. नातवंड आहे ना तिकडे?"

आहे. तुला मुलगी झाल्याचं क्लाव्दियाकडून कळलं होतं. तिला कुठून कळलं देव जाणे.

तोमा, तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून सांगतो. मी कागदाची घडी घातली. 'बरं' असं म्हणालोही. जिना उतरताना मी मनातल्या मनात खोलीत पलंग कुठे ठेवायचा ते बघत होतो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा लक्षात आलं की मी परत एकदा त्याच्याकडूनच चूक कबूल करून घ्यायला निघालोय, या वेळी लेखी.

खाली आवक-खिडकी आहे. तिथल्या बाईने कागद घेतला.

"आजोबा, विषय काय लिहू? तक्रार?"

"लिहा, तक्रार."

"कोणाविरुद्ध?"

"कोझिरेव, तिखोन सवेल्येविच."

"तक्रारदार?"

"तोच."

तिने मान वर करून पाहिलं. "आजोबा, बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हणालो, छातीत धडधडतं, पण ते जुनं आहे. शिक्का मारा. तिने मारला. आता तो कागद कोणाला घरी नेता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी हौदाच्या दालनाची किल्ली माझ्याकडून घेतली. सध्या लोकांचे कोट सांभाळायला बसवलंय. पावेल ओसिपोविच समोरून जातात तेव्हा छताकडे बघतात. रिम्माला मी सांगितलं तर ती म्हणाली, "उशिरा का होईना, म्हाताऱ्याला अक्कल आली," आणि स्वतःचाही दोन ओळींचा कागद त्याच खिडकीत देऊन आली. तिची दोन्ही मुलं आता नोकरीला आहेत. पण मला काळजी वाटते.

आयोग पंधरा फेब्रुवारीला परत बसणार. त्याआधी ग्लेबच्या कारखान्याच्या पत्त्यावर पत्र जाईल. त्यात एकच प्रश्न असेल, जून पासष्टच्या फेऱ्यांनंतर तुम्ही वाळू तपासली होती का आणि काय आढळलं. घडल्या गोष्टीबद्दल माझं काय व्हायचं ते होवो. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला फार लांब पाठवत नाहीत असं रिम्मा म्हणते. मला रात्री झोप लागत नाही, पण ती तशीही लागत नव्हती.

मला भीती दुसरीच आहे. मी त्याला ओळखतो. तो विचार करेल, म्हातारा एकटा आहे, छाती दुखते, कशाला. आणि लिहील, 'आठवत नाही'. तसं लिहिलं तर माझा कागद म्हाताऱ्याची भ्रमिष्ट बडबड ठरेल, आणि चूक कायमची त्याची राहील. त्याला तसं करू देऊ नकोस. मी सांगून तो ऐकणार नाही, मला सांगायचा हक्कही नाही. तू सांग. भांड त्याच्याशी. पासष्ट साली माझ्यासाठी भांडलीस तशी आता त्याच्यासाठी भांड. म्हणावं, सासऱ्याला वाचवण्याचं तुझं काम झालं, पुरे झालं, आता जे पाहिलंस ते लिही.

रिम्मा तुमच्याकडे एकच दिवस थांबणार आहे, अठराला संध्याकाळी तिची परतीची गाडी. ती चहा पीत बसेल तेवढ्यात एक ओळ लिहून दे. मला क्षमा केलीस की नाही ते लिहू नकोस, त्याची घाई नाही. ग्लेब काय लिहिणार आहे, तेवढंच लवकर कळव.

तुझा बाबा